खाली ठेवलेली खिडकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"सर, मेमरी मोकळी करून देऊ का?" आमच्या दुकानातली ऑपरेटर मुलगी दिवसातून चार वेळा असं विचारायची आणि मी चारही वेळा "दे" म्हणायचो.

ही २००६ सालची गोष्ट. तेव्हा नगरला चितळे रोडच्या आतल्या बाजूला आमचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. (२०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण त्या काळची गोष्ट सांगताना तोंडात नगरच येतं.) लग्नपत्रिका, लेटरहेड, दशक्रिया विधीची कार्डं ही आमची बारमाही कामं. पावसाळा लागला की मात्र पतसंस्था आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांचा हंगाम सुरू व्हायचा. आमचा जिल्हा सहकाराचा, त्यामुळे अहवालांना तोटा नव्हता. तोटा होता तो मेमरीचा. दुकानात संगणक एकच, त्यात विंडोज एक्सपी आणि रॅम १२८ एमबी. एक्सपीला किमान ६४ एमबी लागते आणि १२८ असली तर उत्तम, असं कंपनी सांगायची, म्हणजे कागदावर आम्ही उत्तमात होतो. प्रत्यक्षात पेजमेकर, फोटोशॉप, एक्सेल आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी अशी चौघं एकदम चालू झाली की माउसचा बाण हलायलासुद्धा वेळ लागायचा.

त्यावर या मुलीने एक उपाय शोधला होता. ती टास्क मॅनेजर उघडायची. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमपुढे 'मेम युसेज' नावाचा रकाना असे. पेजमेकरपुढे वीस-पंचवीस हजार के असा आकडा दिसायचा. मग ती पेजमेकरची खिडकी मिनिमाइज करायची, म्हणजे खालच्या पट्टीवर ठेवायची, आणि तो आकडा डोळ्यांदेखत हजाराच्या आसपास यायचा. "बघा सर, सगळी मोकळी झाली." खिडकी परत वर घेतली तरी आकडा पूर्वीइतका चढत नसे, पाच-सहा हजारांवर थांबे. याहून मोठा पुरावा कोणता हवा? त्या पुराव्यावर विसंबून मी नवी रॅम घ्यायचं तीन महिने पुढे ढकललं.

तिला दिसत होतं ते खोटं नव्हतं. आकडा खरोखर उतरत होता. चूक होती ती आम्ही दोघांनी त्या आकड्याचा जो अर्थ लावला त्यात, आणि तो अर्थ समजायला मला संगणकाच्या पुस्तकापेक्षा आमच्या कापड बाजाराचा जास्त उपयोग झाला.

कापड बाजारातलं गादीचं दुकान आठवा. पांढरीशुभ्र गादी, पलीकडे बसलेले शेठ, मागे कपाटं आणि वर माळ्यावर गोदाम. एक बाई साड्या बघायला आल्या. शेठनी तीस साड्या गादीवर पसरल्या. बाई म्हणाल्या, "जरा समोरच्या दुकानात जाऊन येते." आता शेठ काय करतील? त्या तीस साड्या पसरलेल्या ठेवणार नाहीत. हाताने गोळा करून बाजूला सारतील. लगेच माळ्यावर मात्र पाठवणार नाहीत, कारण बाई पाच मिनिटांत परत येऊ शकतात. तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं नाही आणि बाई परत आल्या, तर बाजूचा ढीग नुसता पुढे ओढायचा. दुसरं गिऱ्हाईक आलं आणि जागा लागली, तर मग ढीग वर जाणार, आणि बाई परतल्यावर पोऱ्याला शिडी चढावी लागणार.

एक्सपीमध्ये खिडकी मिनिमाइज केली की विंडोज नेमकं हेच करायची. संगणकाची मेमरी छोट्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या तुकड्याला पान म्हणतात. आपल्या नेहमीच्या पीसीत एक पान चार केबीचं, म्हणजे आमच्या १२८ एमबीत ३२,७६८ पानं. एखाद्या प्रोग्रॅमची जेवढी पानं त्या घडीला त्याच्या हाताशी असतील, तेवढ्यांना त्याचा वर्किंग सेट म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये ती मांडली, आणि मेमरी अपुरी असताना चुंबकीय ड्रमसारख्या संथ साठ्याचा आधार घेण्याची युक्ती त्याच्याही आधी, १९६२ च्या सुमाराला मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात वापरली गेली होती. टास्क मॅनेजरचा 'मेम युसेज' म्हणजे हा वर्किंग सेट, गादीवर पसरलेल्या साड्यांची संख्या. आमच्या मुलीला ती संख्या उतरताना दिसत होती. गिऱ्हाइकाने काढायला लावलेल्या एकूण साड्या तीसच्या तीस होत्या, त्यांतली एकही कमी झाली नव्हती.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये एक दुसरा रकाना होता, 'व्हीएम साइझ' नावाचा. तो आपणहून दिसत नसे, मेन्यूत जाऊन चालू करावा लागे. प्रोग्रॅमने स्वतःसाठी एकूण किती मेमरी मागून घेतली आहे, मग ती गादीवर असो, बाजूला असो की माळ्यावर, ते त्यात कळायचं. मी तो रकाना पहिल्यांदा चालू केला आणि पेजमेकर वर-खाली करून पाहिला, तेव्हा 'मेम युसेज' झोक्यासारखा खाली-वर होत होता आणि 'व्हीएम साइझ' जागचा हलत नव्हता. चार महिने आम्ही चुकीच्या रकान्याकडे बघत होतो.

मग विंडोज हे करायची तरी कशाला? यामागे साधा तर्क होता. माणसाने खिडकी खाली ठेवली याचा अर्थ थोडा वेळ तरी त्याला ती नको आहे. मग तिची पानं बाजूला सारून ठेवावीत, म्हणजे दुसऱ्या कोणाला लागली तर जागा तयार. एक्सपी ज्या विंडोज एनटीच्या घराण्यातली, ती एनटी १९९३ मध्ये बाजारात आली तेव्हा १२ एमबी मेमरीवर चालणं अपेक्षित होतं. १२ एमबीत संसार करणाऱ्याला ही काटकसर शोभणारीच होती. एनटीचे प्रमुख रचनाकार डेव्हिड कटलर यांनी आधी डेक कंपनीत व्हीएमएस ही प्रणाली उभी केली होती, आणि कोणाच्या हाताशी किती पानं राहू द्यायची याचा हिशेब तिथेही काटेकोर असे.

खिडकी वर घेतल्यावर आकडा पूर्वीइतका का चढत नसे, तेही यातच आलं. बाई परत आल्यावर तीसच्या तीस साड्या मागत नाहीत, त्यांतल्या सहा-सातच पुन्हा बघतात. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच लागणारी बरीच पानं असतात, ती पुन्हा कोणी मागत नाही. म्हणजे आमची मुलगी निम्मी बरोबर होती. न लागणारा पसारा खरोखर आवरला जात होता. पण लागणाराही त्याच्याबरोबर उचलला जात होता. शिवाय जागेची गरज पडलीच असती, तर तो पसारा विंडोजने आपणहूनच आवरला असता, त्यासाठी आपण खिडकी वर-खाली करायची जरुरी नव्हती.

आणि लागणारं पान एकदा माळ्यावर गेलं, की परत आणायला काय पडतं? रॅममधून एक गोष्ट उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला साधारण दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. आकड्यांनी हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं धरा की गादीवरची साडी उचलायला शेठना एक सेकंद लागतो. मग माळ्यावरची साडी यायला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील. आज साडी मागा, उद्या संध्याकाळी या! पेजमेकर खाली ठेवून अर्धा तास फोटोशॉपमध्ये काम केलं आणि मग पेजमेकर वर घेतला की खिडकीची नुसती पांढरी चौकट यायची, डबड्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं. "व्हायरस आला असेल," असं गिऱ्हाईक म्हणे, आणि मीही मान हलवत असे. व्हायरस नव्हता. पोऱ्या शिडीवर होता. आणि चारही प्रोग्रॅमना लागणारी पानं मिळूनच गादीपेक्षा जास्त झाली, की एकाची वर पाठवायची आणि दुसऱ्याची खाली आणायची, यातच पोऱ्याचा दिवस जाई आणि विक्री काहीच होत नसे. डेनिंग यांनी या अवस्थेवरही त्याच वर्षी लिहून ठेवलं आहे. गादी मोठी करायची किंवा गिऱ्हाइकं कमी घ्यायची, याखेरीज तिसरा उपाय नाही.

त्या काळी तिसरा उपाय विकणारेही होते, ते सांगायला हवं. संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांत 'रॅम वाढवणारे' प्रोग्रॅम असत. बटण दाबलं की "६० एमबी मोकळी केली" असा हिरवा संदेश यायचा. ते करायचे काय, तर सगळ्या प्रोग्रॅमची पानं एकदम गादीवरून खाली ढकलायची, किंवा स्वतःच प्रचंड मेमरी मागून बाकीच्यांना हुसकावायचं आणि मग ती सोडून द्यायची. गादी रिकामी दिसणारच. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी त्याच दशकात या प्रोग्रॅमचं पितळ उघडं पाडलं होतं. हेच रुसिनोविच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले. फायरफॉक्स ब्राउझरमध्येही एक आडबाजूची सेटिंग होती, ती चालू केली की मिनिमाइज करताच आकडा धाडकन उतरे. ही युक्ती हातोहात फिरायची, मीही दोन-चार जणांना मोठ्या ऐटीत सांगितली आहे.

इथपर्यंत नुकसान वेळेचंच होतं. पण ऑगस्टमधल्या एका दुपारी ते दुसऱ्याच ठिकाणी झालं.

एका पतसंस्थेचा अहवाल होता. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, थकबाकीची वर्गवारी, सगळं एक्सेलमध्ये चाललं होतं. संध्याकाळी छपाईला द्यायचं होतं, कारण सभासदांना अहवाल मुदतीत पोचले नाहीत तर सभेत पहिला प्रश्न त्यावरच येणार. ते दिवस भारनियमनाचे. वीज जाण्याची वेळ ठरलेली असे आणि त्या वेळेआधीही ती जाई. आमचा यूपीएस म्हातारा झालेला, बॅटरी जेमतेम दोन मिनिटं टिकायची. वीज गेली, यूपीएस ओरडायला लागला. मुलीने काय करावं? तिने झटपट सगळ्या खिडक्या मिनिमाइज केल्या आणि निश्चिंत हात बाजूला घेतले. दोन मिनिटांनी पडदा काळा झाला.

वीज आल्यावर फाइल उघडली, तर सकाळी अकरानंतरचं काहीच नव्हतं. आमची एक्सेल जुनी, आपोआप जपून ठेवण्याची सोय त्यात आम्ही चालू केलेली नव्हती. "तू सेव्ह केलं नव्हतंस?" असं मी जवळजवळ ओरडलोच. ती म्हणाली, "सर, मी खाली ठेवलं होतं की."

या एका वाक्यात सगळं आलं. मिनिमाइज केलं की वस्तू मेमरीतून जाते, हे तिने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. मेमरीतून जाते म्हणजे डिस्कवर जाते, आणि डिस्कवर गेलं म्हणजे राहिलं. यातली पहिली पायरी आम्हीच तिला पक्की करून दिली होती, पुढच्या तिने आपल्या आपण चढल्या. संस्थेचे व्यवस्थापक समोर खुर्चीत बसले होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त वहीखात्यांची पिशवी पुन्हा उघडली. त्या रात्री अकरापर्यंत ते आकडे वाचत होते, ती टाइप करत होती आणि मी मेणबत्त्या हाताशी धरून बसलो होतो.

मध्येच तिने एक प्रश्न विचारला. तेव्हा मी चिडून उडवून लावला, पण प्रश्न उत्तम होता. "सर, पानं डिस्कवर गेली असतील तर तिथून काढता येणार नाहीत का?"

त्यातली काही पानं डिस्कवर गेली असणं शक्य होतं. ज्या पानांत आपण काही बदल केलेला असतो ती विंडोजला नुसती टाकून देता येत नाहीत. जागा दुसऱ्याला देण्याआधी ती पेजफाइल नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये उतरवावी लागतात. (ज्यांत बदल नाही, उदाहरणार्थ प्रोग्रॅमच्या मूळ सूचना, ती खुशाल टाकता येतात, कारण त्यांची मूळ प्रत डिस्कवर असतेच.) पण कोणतं पान कोणाचं, कोणत्या क्रमाने, हे लिहिलेली वही मात्र रॅममध्ये असते. वीज गेली की ती वही जाते. माळ्यावर गाठोडी राहतात, पण कुठलं गाठोडं कोणत्या बाईंचं हे सांगणारं कोणी उरत नाही. विंडोज पुन्हा सुरू होते तेव्हा कोरी वही उघडते आणि पेजफाइलमधल्या जुन्या पानांकडे बघतही नाही. संगणक 'हायबरनेट' केला तर गोष्ट वेगळी. तेव्हा वहीसकट सगळं डिस्कवर नीट उतरवलं जातं, म्हणून सकाळी तो जिथे थांबला तिथून उठतो. मिनिमाइजमध्ये असलं काही नाही. खाली ठेवलेल्या खिडकीतलं न जपलेलं काम वर असलेल्या खिडकीतल्या कामाइतकंच उघड्यावर असतं.

दसऱ्याच्या आधी मी आणखी २५६ एमबी रॅम घातली आणि यूपीएसची बॅटरी बदलली. व्हीएम साइझचा रकाना तिला दाखवायला मात्र मला त्यानंतरही बरेच दिवस लागले. माझं ओरडणं चुकलं हे मान्य करणं आलं ना!

आता थोडं आजचं. आजच्या विंडोजमध्ये नेहमीचा डेस्कटॉप प्रोग्रॅम मिनिमाइज केल्याबरोबर आकडा असा झटक्यात खाली येत नाही. मेमरी वाढली, विंडोज ११ ला किमानच ४ जीबी लागते, म्हणजे एक्सपीच्या किमान गरजेच्या ६४ पट. पसारा आवरायचा तो खरी टंचाई आली की, असं आता धोरण आहे. विंडोज १० पासून तर पानं डिस्कवर धाडण्याआधी ती दाबून, घट्ट घडी करून रॅममध्येच कमी जागेत ठेवली जातात. फिरत्या डिस्कची जागा एसएसडीने घेतल्यामुळे माळ्याची शिडीही ठेंगणी झाली. मघाच्या हिशेबात अठ्ठावीस तासांऐवजी साधारण पाव तास. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली काही ॲप्स मात्र मिनिमाइज केल्यावर थोड्या वेळात खरोखर गोठवली जातात. ब्राउझरांचीही आता वेगळी तऱ्हा आहे. खिडकी खाली गेली की पडद्यावर रंगवण्याचं काम थांबतं, त्यामुळे प्रोसेसरला थोडा विसावा मिळतो, पण मेमरी सुटते ती बराच वेळ न बघितलेले टॅब ब्राउझरने झोपवले तर. क्रोममध्ये असा टॅब पुन्हा उघडला की पान नव्याने लोड होतं.

ती मुलगी आता राहुरीकडे सासरी असते. तिथे तिचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात, प्रवेशांच्या गर्दीत तिचा फोन आला. "सर, संगणक फार हळू झालाय. आणि आता खाली ठेवलं तरी आकडा हलत नाही. बिघडला का?"

म्हटलं, बिघडला नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघड, मेमरीवर क्लिक कर आणि 'कमिटेड' लिहिलंय तो आकडा वाच. जुन्या व्हीएम साइझसारखाच, पण सगळ्या प्रोग्रॅमचा मिळून.

"साडेआठ, नवापैकी."

"रॅम किती आहे?"

"चार जीबी."

"टॅब किती उघडे आहेत?"

ती मोजायला लागली. बराच वेळ गेला. "एकोणतीस."

"जे फॉर्म भरून झाले, पावती छापली, ते बंद कर. खाली ठेवू नकोस, बंद कर."

फोनवर माउसची टकटक ऐकू येत होती. दुकानात कोणीतरी दाखल्याची झेरॉक्स मागत होतं, त्याला ती "थांबा हो दादा" म्हणाली. मग म्हणाली, "सहावर आला, सर."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचे अजून अर्धेच भरलेत. सेव्ह ड्राफ्ट केलेत सगळे." आणि हसून म्हणाली, "खाली ठेवण्याआधीच."